हिच कंपनीचा की बाहेरचा?

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात कुणी नवी एसयूव्ही घेतली की आधी पेढे मागतात आणि पेढा तोंडात असतानाच ठरवून टाकतात, "यंदा ढोल तुमच्याकडे." ढोल आले म्हणजे मंडळाचा ट्रेलर आला आणि ट्रेलर आला म्हणजे गाडीला मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची लोखंडी नळी, हवा. तो कंपनीचा घ्यावा की बाहेरून बसवावा, यावर मी सोडून सगळ्यांनी मतं दिली.

शोरूममधला सेल्समन म्हणाला, "बाहेरून बसवलात तर वॉरंटी विसरा." हे कानावर जाताच मंडळातले एक काका उसळले. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा त्यांना अथर्वशीर्षासारखा पाठ आहे. नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी जात नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला, हे कंपनीने दाखवावं लागतं. "आणि लोखंड तेच, अर्ध्या पैशात!" ही त्यांची फलश्रुती.

लोखंडाचं म्हणाल तर काकांचं खरं आहे. दोन इंची चौकोनी नळी कुणीही बनवली तरी चौकोनीच. पण कंपनीच्या टोइंग पॅकेजात बरेचदा इंजिन-गिअरबॉक्ससाठी जादा कूलर, वायरिंग आणि ट्रेलर डुलायला लागला तर आवरणारं सॉफ्टवेअरही येतं. एका मित्राने त्यावर तोडगा काढला, "सरळ ५००० पौंड वजन ओढणारा हिच ठोक." अरे बाबा, गाडीच ३५०० ओढणारी असेल, तर मागे पाच हजारी शेपूट लावून ती पैलवान होते का? गाडीचा आणि हिचचा, यांत जो आकडा कमी तोच खरा.

हे ज्ञान मी घरी पाजळलं. बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, "ढोल भरल्यावर ट्रेलर होतो किती पौंडांचा?"

मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणे दरवर्षी दोघं जण हलवून बघतात.

शेवटी घेतला कंपनीचाच. गाडी ताब्यात घेताना वाकून पाहिलं, तर नळी रिकामी. ट्रेलर ज्यावर बसतो तो बॉल कुठाय?

"तो पॅकेजात नसतो, सर. ट्रेलरप्रमाणे साइज बदलते."

ट्रेलरच्या दिव्यांसाठीचं गाडीचं सॉकेट गोल, सात पिनांचं. मंडळाच्या ट्रेलरचा प्लग चपटा, चार पिनांचा. म्हणजे अ‍ॅडॅप्टर आला. बॉल आला, तो धरणारा दांडा आला, दांड्याची पिन आली. सगळं बाहेरच्या दुकानातून.

दुकानात काकाच घेऊन गेले. पैसे मी दिले; काउंटरवरच्या पोराला १९७५ पासूनचं सगळं त्यांनी समजावलं.