पोराला शेणात हात घालायला लागू नये

आमच्या मुळशी तालुक्यात एक वाक्य गेली वीस-पंचवीस वर्षं घरोघरी ऐकतोय. "आम्ही काढलं ते काढलं, पोराला शेणात हात घालायला लागू नये." मीही म्हटलंय. प्रेमापोटीच म्हटलंय. आज त्यावर लिहावंसं वाटलं, कारण पुण्याच्या रिंगरोडच्या भूसंपादनाचे पैसे आता नवीन गावांत पोचलेत आणि जे आमच्याकडे झालं तेच पुन्हा होताना दिसतंय.

हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि आमच्याकडची एकराची भाषाच संपली. सगळं गुंठ्यावर आलं. चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा १०८९ चौरस फूट, हे शाळा सोडलेल्या पोरांनाही तोंडपाठ. ज्या खाचरात आंबेमोहोर व्हायचा ते खाचर तुकडे पाडून विकलं गेलं. 'गुंठामंत्री', म्हणजे गुंठे विकून रातोरात पैसेवाला झालेला, हा शब्द त्या काळातला. शहरातले लोक तो हसून वापरतात. मला हसू येत नाही. त्यातली कितीतरी पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढलीत.

माझ्या चुलतभावाचंच घ्या. साठ गुंठे विकले. बंगला बांधला, खाली मार्बल, वर पाण्याच्या टाकीला विमानाचा आकार. दारात मोठी गाडी, नंबर ८०५५, म्हणजे इंग्रजी आकडे जरा वाकवले की 'बॉस' वाचता येतं. पोरगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा चौकात चाळीस फुटी फ्लेक्स लागला, खाली शुभेच्छुकांचे पन्नास फोटो. कोयत्यानं केक कापला म्हणून पोलिसांनी बोलावून समज दिली, तर त्याचेही व्हिडिओ अभिमानानं फिरले. पोराच्या हातून तोवर एक रुपयाही कमावून झालेला नव्हता. मान मात्र सगळा मिळत होता.

पैसा संपायला फार वर्षं लागली नाहीत. आता मागच्या बाजूच्या दहा खोल्यांचं भाडं येतं, त्यातून घर चालतं आणि नव्या गाडीचा हप्ता जातो. उरलेलं पोरगा मोबाईलवरच्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत घालतो. मी त्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा अहवाल वाचून दाखवला होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांचे पैसे गेले, सरासरी दोन लाखांचा फटका. तो म्हणाला, "काका, उरलेले सात आहेत ना."

ओळखीनं एका गोदामात सुपरवायझरची जागा बघून दिली. अठरा हजार. "अठरा हजारासाठी कुणाच्या हाताखाली राबू? लोक काय म्हणतील?" मी फार चिडलो. रात्री झोप येईना. पडल्या पडल्या वाटलं, लोक काय म्हणतील हे त्याला शिकवलं कुणी? आम्हीच. सोयरीक जुळवायला बसलो की आम्ही आधी विचारतो, जमीन किती, गाडी कोणती. मुलीकडच्यांना शेती पाहिजे, शेतकरी नको. लग्नात पहिल्या रांगेत गाडीवाल्याला बसवतो आणि दूध घालणाऱ्या सख्ख्या भावाला वाढपाला लावतो. पोरगं दहा वर्षांचं असल्यापासून हे बघतंय. त्याला आळशी म्हणायचा अधिकार मला आहे का?

वेगळंही होऊ शकतं. हडपसरला मगरपट्ट्याच्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून जास्त जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या हिशेबात तिचे भागीदार झाले. त्यांच्या घरातल्या कितीतरी जणांनी त्याच कामात ठेकेदारी, व्यवसाय उभे केले. प्रत्येक गावाला हे जमेल असं मी म्हणत नाही, भावकीत बांधावरून कोर्ट चालू असताना तर नाहीच. पण तिथं पैशाबरोबर पोरांच्या हाताला काम आलं. आमच्याकडे नुसता धनादेश आला.

माझी चुलती, म्हणजे या पोराची आजी, बहात्तर वर्षांची आहे. जमीन गेली तरी दोन म्हशी तिनं सोडल्या नाहीत. आमच्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत तिचा रतीब आहे. पहाटे पाचला किटली घेऊन निघते. नातवाची गाडी फाटकात आडवी लावलेली असली की भिंतीला अंग घासत बाहेर पडते.

यंदा पावसाळ्यात तिला ताप आला. रतीब चुकेल म्हणून रडायला लागली. कसं कोण जाणे, पोरगा उठला आणि किटली घेऊन गेला. गाडीनं नाही, चालत. चार दिवस गेला. चौथ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि आपणहून म्हणाला, "काका, सी विंगच्या ताई विचारत होत्या, अर्धा लिटर वाढवून मिळेल का. त्यांच्या शेजारच्यांनाही पाहिजे. अजून एक म्हैस घेतली तर कितीला पडेल?" इतक्या वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला हिशेब.

पाचव्या दिवशी चुलतीचा ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. पोरगा किटली विसळत होता. तेवढ्यात त्याचा बाप बाहेर आला आणि म्हणाला, "पुरे आता. चौकातली माणसं विचारायला लागली मला." त्यानं किटली पोराच्या हातातून काढून घेतली आणि आईच्या उशाशी नेऊन ठेवली.