फ्रेजल व्हर्बची यादी का नाही दिली? कराडच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, फ्रेजल व्हर्ब (म्हणजे 'गो ऑफ', 'ब्रिंग अप' अशी क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलणारी जोडी) संदर्भातून शिका, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय की मराठी मीडियमच्या पोरांना संदर्भ कुठून कळणार, त्यापेक्षा पाचशे फ्रेजल व्हर्ब आणि समोर मराठी अर्थ अशी यादी दिली असती तर मुलीचं काम झालं असतं, बाकी लेख टाइमपास. तळमळ कळली. पण यादी नाही देणार, कारण तिच्यात सगळ्यात जास्त तोटा आपल्याच पोरांचा होतो.

'गो ऑफ' घ्या. अलार्म असेल तर वाजला, लाइट असेल तर गेली, बॉम्ब असेल तर फुटला, आणि दूध असेल तर खराब झालं (हे ब्रिटिश लोक जास्त म्हणतात). आता यादीत काय लिहू? चारही अर्थ लिहिले तरी पोरगी पहिला तेवढा पाठ करते आणि पेपरात दुसरा आला की अडते. संदर्भ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही हो, त्याच वाक्यात शेजारी बसलेलं नाम. सातारा स्टँडवर महाबळेश्वरची गाडी लागली आणि घाटात तिला गाडी लागली, यात आपण कधी गोंधळतो का? नोकरी लागली, ठेच लागली, भूक लागली, 'लागणे'ची यादी कुणीच पाठ केलेली नसते.

माझ्याकडे सांगलीत मिरजेच्या नर्सिंगच्या मुली येतात, ओईटीची, म्हणजे परदेशात काम करायला नर्स-डॉक्टर देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करायला. त्यात स्पीकिंगला रोल-प्ले असतो. सरावात मी पेशंट होऊन म्हटलं, 'आय पास्ड आउट इन द बाथरूम', आणि मुलगी थांबलीच, कारण आपल्याकडे पासआउट म्हणजे कॉलेज पूर्ण केलेला, बायोडाटात पण तसंच लिहितात, आणि इथे पेशंट सांगतोय की मी बेशुद्ध पडलो! नर्सला हे कळलं नाही तर कसं चालेल? तसंच 'ब्रिंग अप'. 'शी ब्रॉट अप थ्री चिल्ड्रन' म्हणजे तिनं तीन मुलं वाढवली, पण तान्ह्या बाळाबद्दल 'शी ब्रॉट अप हर मिल्क' म्हटलं तर दूध ओकलं. क्रियापद तेच, फरक फक्त पुढच्या नामाचा. म्हणून मी वहीत नुसतं 'ब्रिंग अप' लिहूच देत नाही, 'ब्रिंग अप चिल्ड्रन', 'ब्रिंग अप मिल्क', 'ब्रिंग अप अ टॉपिक' अशा तीन वेगळ्या ओळी करायला लावते.

अजून एक, यादीत शब्दांची जागा कळत नाही. 'टर्न इट डाउन' बरोबर, 'टर्न डाउन इट' चूक, पण 'लुक आफ्टर हर' मध्ये 'हर' मधे घुसवता येत नाही. हे अख्ख्या वाक्यातूनच अंगवळणी पडतं.

परीक्षा आठ दिवसांवर आली असेल तर यादी वाचावी लागते, ते मान्य. पण तुमची मुलगी अकरावीत आहे म्हणता, भरपूर वेळ आहे तिच्याकडे. तिला जिथं अडलं ते पूर्ण वाक्य इथं टाका, नुसतं क्रियापद नको, मग त्यावरच बोलू.