पोल्का म्हणजे रॉकची टिंगल नव्हे

‘वियर्ड अल’ यँकोविक हा अमेरिकन विडंबन-गायक. बऱ्याच रॉक गाण्यांचे तुकडे जोडून तो ते पोल्का या नाचाच्या ठेक्यावर सलग गातो, त्याला मेडले म्हणतात. त्याच्या या पोल्का मेडलेंचा विषय निघाला की बहुतेक जण हसून मोकळे होतात. अकॉर्डियन, पळता ठेका आणि त्यावर कुठल्यातरी चिडलेल्या बँडचे शब्द, झाली गंमत. हसायला माझी ना नाही. पण तिथेच विषय संपवला जातो, ते मला अजिबात पटत नाही. नीट बसवलेला पोल्का हा त्या मूळ रॉक गाण्याचा फार बारकाईने केलेला अभ्यास असतो, असं माझं ठाम मत आहे. आज ते जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे विडंबन म्हटलं की केशवकुमार. १९२५च्या ‘झेंडूची फुले’पासून आपल्याला सवय आहे ती साचा तोच ठेवून शब्द फिरवण्याची. यँकोविकची सर्वांत गाजलेली गाणी याच जातीची. पण १९८४च्या ‘इन थ्री-डी’ या अल्बमपासून तो याच्या बरोबर उलटंही करत आलाय. शब्द तेच, सुरावटही ओळखू येईल इतकी तीच, बदलतो तो ठेका, लय आणि वाद्यमेळ. त्या पहिल्या मेडलेत डीप पर्पल, डोअर्स, द हू, बीटल्स सगळे एका दमात येऊन जातात. १९८९चं मेडले नुसत्या रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांचं. १९९६चं त्या वेळच्या ऑल्टरनेटिव्ह बँडांचं. सर्वांत अलीकडचं ‘पोल्कामेनिया’ २०२४चं. चाळीस वर्षं एखादा माणूस निव्वळ एका विनोदावर काढत नाही.

मुळात हे संगीत कुणाचं, तेही बघा. पोल्का बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातला नाच. १८३०च्या दशकात तो तिथे रुजला, १८४०च्या दशकात त्याने पॅरिसला वेड लावलं आणि पुढे मध्य युरोपातून अमेरिकेत गेलेल्या कामगार-शेतकऱ्यांच्या सामानाबरोबर समुद्र ओलांडला. क्लीव्हलंडमध्ये स्लोव्हेनियन, शिकागोत पोलिश, टेक्ससमध्ये चेक आणि जर्मन. प्रत्येकाची वाजवण्याची ढब वेगळी. क्लीव्हलंडचा फ्रँकी यँकोविक हा त्यांचा ‘पोल्का किंग’. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्याच्या रेकॉर्ड लाखांनी खपत होत्या. अलचं त्याच्याशी नातं काहीच नाही, फक्त आडनाव एक. दारावर संगीताच्या शिकवणीची जाहिरात करत आलेल्या विक्रेत्याने गिटार की अकॉर्डियन असं विचारलं, तेव्हा अलच्या आईवडिलांनी याच आडनावापायी अकॉर्डियन निवडलं. पोरगा तेव्हा सात वर्षांचाही पुरता नव्हता. पुढे या दोन यँकोविकांनी एकत्र रेकॉर्डिंगही केलं.

म्हणजे अल बाहेरून येऊन पोल्काची फजिती करणारा नाही. तो त्याच वाद्यावर वाढलाय. १९५०च्या दशकात रॉक अँड रोल आला, गिटार घराघरात शिरली आणि अकॉर्डियन आजी-आजोबांचं वाद्य ठरून कपाटात गेलं. त्यानंतर त्या वाद्यावर रॉक वाजवणं म्हणजे ज्याने घराबाहेर काढलं त्यालाच घरी जेवायला बोलावण्यासारखं आहे. याला टिंगल कसं म्हणायचं?

आता जरा वाजवण्याबद्दल. मी पेटी वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी डाव्या हाताकडे जातो. पेटीत डावा हात भात्याला. अकॉर्डियनचा भाता दोन हातांच्या मध्ये आणि डाव्या बोटांखाली बटणं, पूर्ण आकाराच्या वाद्यात १२०. दोन ओळींत खर्जाचे सुटे सूर आणि पुढच्या ओळींत तयार कॉर्ड. मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. एक बटण दाबलं की तीन सूर एकदम बोलतात. पोल्काचं ते ‘उम्-पा, उम्-पा’ इथे जन्मतं. ‘उम्’ला खर्जाचं बटण, ‘पा’ला कॉर्डचं.

रॉक गिटारचं गणित निराळं. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणं, चढवलं की पूर्ण कॉर्डचा नुसता गोंगाट होतो, म्हणून वादक गंधार गाळतात आणि षड्ज-पंचमावर भागवतात. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा तो जगप्रसिद्ध रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर षड्ज-मध्यमाच्या अंतराच्या जोडसुरांत वाजवतो, त्या जोडीतही गंधार नाही. गंधारच नाही म्हटल्यावर ती जोडी एकटी ऐकली तर मेजर की मायनर ते कळत नाही, आणि रॉकचा अर्धा दरारा या न कळण्यातच आहे. अकॉर्डियनच्या मेजर-मायनर बटणांत मात्र गंधार आतच बसवलेला. शुद्ध की कोमल, वाजवणाऱ्याला ठरवावंच लागतं. आणि ते ठरवायचं तर गायक त्या जागी कुठला सूर लावतोय, बेस कुठून कुठे सरकतोय, हे पुन्हा पुन्हा ऐकण्यावाचून इलाज नाही. गाणं नुसतं आवडणाऱ्या माणसाला इतक्या खोलात जावं लागत नाही. पोल्का करणाऱ्याला जावं लागतं.

ठेक्याचंही तसंच. रॉकमध्ये चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा घाव पडतो, गाण्याला वजन येतं ते त्यामुळे. पोल्का दोन मात्रांचा, मात्रेवर खर्ज आणि अर्ध्या मात्रेवर कॉर्ड. त्यात गायकाला शब्द ओढायला, हुंदका द्यायला, रेंगाळायला फटच मिळत नाही. आवाजाचा दाब, गिटारचा धूर, स्टेजवरचे दिवे सगळं गळून जातं आणि उरते ती चाल. काही गाणी इथे उघडी पडतात, कारण चाल अशी त्यांच्याकडे नसतेच. आणि काही इतकी भक्कम निघतात की थक्क व्हायला होतं.

‘बोहेमियन रॅप्सडी’ घ्या. क्वीनचं मूळ गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. १९९३मध्ये यँकोविकने त्याचा अख्खा पोल्का केला. शब्द सगळे, क्रमही तोच आणि वेळ पावणेचार मिनिटांच्या आत. आईजवळ खुनाची कबुली देणारा तो मुलगा मूळ गाण्यात पियानोवर थांबत थांबत बोलतो, इथे तो धापा टाकत सांगतो. मला तो इथे जास्त घाबरलेला वाटतो. मधला ऑपेरासारखा भाग मात्र पोल्कात जराही उपरा वाटत नाही, कारण क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीने तो लिहिलाच होता नाटकी थाटात. मूळ गाण्यात गांभीर्य कुठे आहे आणि खेळ कुठे आहे, हे मला या पोल्काने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्याही समीक्षेने दाखवलं नाही.

याच कारणासाठी मेडले हा प्रकार मला दुय्यम वाटतो. तिथे प्रत्येक गाण्याच्या वाट्याला काही सेकंद. ओळखलं, हसलो, पुढचं आलं. २००३च्या मेडलेची सुरुवात पापा रोच या बँडच्या ज्या गाण्याने होते, ते आत्महत्येच्या विचारांशी झगडणाऱ्या माणसाचं आहे. दोन-चार ओळी येतात आणि लगेच पुढचा बँड. इथे मला खटकतं. आनंदी ठेक्यावर दुःखाचे शब्द नकोत असं मी मुळीच म्हणत नाही, जगभरच्या लोकगीतांत ते असतंच. पण त्या शब्दांना पुरता वेळ तर द्या.

तो वेळ देणारा बँड म्हणजे ब्रेव्ह कॉम्बो. टेक्ससमधलं डेंटन हे त्यांचं गाव, १९७९मध्ये कार्ल फिंचने तो सुरू केला. टेक्ससमध्ये चेक आणि जर्मन वस्त्यांमधला अकॉर्डियन मेक्सिकन वंशाच्या लोकांनी आपलासा केला आणि त्यातून कोनहुंतो नावाचं संगीत उभं राहिलं. फ्लाको हिमेनेझ हे त्यातलं मोठं नाव. ब्रेव्ह कॉम्बो या सगळ्या मातीत मुरलेला. त्यांनी डोअर्सचं ‘पीपल आर स्ट्रेंज’ पोल्कात आणलं. गर्दीत कुणी ओळख न देणाऱ्या परक्या माणसाचं ते गाणं. आणि पोल्का तर चार लोकांनी मिळून नाचायचा प्रकार! सगळा हॉल जोड्या करून गिरक्या घेतोय आणि गाणारा एकटाच बाहेर उभा आहे, असं काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहतं. यात कुणाची थट्टा नाही. या बँडला सर्वोत्कृष्ट पोल्का अल्बमचं ग्रॅमी दोनदा मिळालं. तो पुरस्कारच २००९मध्ये बंद केला गेला. जिमी स्टर या एकट्या पोल्का बँडवाल्याने तो १८ वेळा घेतला होता हे खरं, पण म्हणून अख्ख्या परंपरेचं दार लावून घ्यायचं?

आपल्या कानांना इथे एक मोठा फायदा आहे, जो अमेरिकन श्रोत्याला नाही. त्यांच्याकडे अकॉर्डियन दिसला की लोक आधी हसतात. आपल्याकडे अकॉर्डियन म्हणजे जुनी हिंदी चित्रपटगीतं आणि गुडी सीरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यासारखे वादक. आपल्यासाठी तो प्रेमगीतांचा आवाज आहे. त्यामुळे या आवृत्त्या हसण्याच्या पलीकडे जाऊन ऐकणं आपल्याला सोपं जायला हवं.

ऐकायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी फ्रँकी यँकोविकची दोन-तीन गाणी, म्हणजे पोल्का स्वतःच्या घरी कसा असतो ते कळेल. मग ब्रेव्ह कॉम्बो. मग मूळ ‘बोहेमियन रॅप्सडी’ आणि लगोलग तिचा पोल्का, शक्यतो हेडफोन लावून, लक्ष खालच्या सुरांवर ठेवून. मेडले सगळ्यात शेवटी. आणि कुणी पेटी किंवा अकॉर्डियन वाजवणारं असेल, तर एखादं आवडतं रॉक गाणं घेऊन त्याचे गंधार ठरवायला बसा. कुठलं घेतलंत आणि कुठे अडलात ते मला जरूर कळवा.