पिवळी चौकट

आमच्या कॉलेजातल्या ट्रेकवाल्यांचा व्हॉट्सॅपवर एक गट आहे. सोळा जण, सगळे पन्नाशीच्या आगेमागे, त्यातले गुडघे शाबूत असलेले चार. मी जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टमध्ये राहतो. जुलैत मी तिथे इथल्या फेल्डझे तळ्याचा एक फोटो टाकला. काळंशार पाणी, मागे फेल्डबर्ग डोंगराचा कडा, काठावर चिटपाखरू नाही. तासाभरात एकाने तो उचलला, लोहगडाच्या दरवाजात चेंगरलेल्या गर्दीच्या जुन्या व्हिडिओशेजारी लावला आणि खाली लिहिलं, "आपली लायकी नाही. पावसाळ्यात सगळे गड सरळ बंद करा. याला विचारा, तिकडे शिस्त कशी असते ते." त्यावर नऊ अंगठे.

मला प्रत्यक्षात कुणी काही विचारलं नाही, ते सोडा. साक्षीदार मी, साक्ष त्याची.

तर आता मीच देतो. तो फोटो मंगळवारी सकाळी सव्वासातचा आहे. त्याच दिवशी दुपारी जवळच्या राइमार्टिहोफ या खानावळीच्या अंगणात टेकायला बाक मिळत नव्हता. आणि खाली टिटीझे या तळ्याकाठच्या गावात तर उन्हाळाभर जत्राच असते. बसमागून बस, कुकू घड्याळांची दुकानं, आइस्क्रीमच्या रांगा. टिटीझे म्हणजे इथलं लोणावळाच, चिक्कीच्या जागी चेरीचा केक. माणसं इथेही माणसांसारखीच वागतात. ग्रिल करून कोळसे तसेच टाकून जातात. कुत्र्याची घाण इमानेइतबारे पिशवीत भरतात आणि मग ती पिशवी झाडाला टांगून पुढे जातात. 'युरोपातली शिस्त' हे शब्द वाचले की माझ्या डोळ्यांपुढे त्या पिशव्या लोंबकळतात.

फरक नाही असं म्हणत नाही. पण तो रक्तात वगैरे नाही, कागदात आहे. जर्मनीच्या १९७५ च्या वनकायद्यात म्हटलंय की विरंगुळ्यासाठी जंगलात शिरायला मुभा आहे, आणि लगेच पुढे, की हे ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. जंगल सरकारी असो की कुणा शेतकऱ्याचं, पायी जाणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. डोक्यात फांदी पडली तर लांडराटच्या, म्हणजे इथल्या कलेक्टरच्या, नावाने कुणी बोटंही मोडत नाही. आपला वनकायदा १९२७ चा, साहेबाने केलेला. त्यात राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा. म्हणजे ज्या वाटांनी आपण कॉलेजची पाच वर्षं बोंबलत फिरलो, त्यातल्या कितीतरी वाटांवर आपण कागदोपत्री घुसखोर होतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि मग पुणे जिल्ह्यात मनाईहुकूम निघाले. निघणारच. काही घडलं की आपण पहिल्यांदा 'प्रशासन झोपलं होतं का' असं विचारतो, आणि त्यावर बंदीइतकं स्वस्त उत्तर दुसरं नाही. एक कागद, एक शिक्का, पायथ्याला दोन पोलिस.

शब्दसुद्धा बघा. सिंहगडावर गाडी नेली की जी पावती फाडतात तिचं नाव उपद्रव शुल्क. इथे मुक्कामी माणसाकडून कुर्टाक्स, म्हणजे पर्यटन कर, घेतात आणि हातात कार्ड ठेवतात, त्यावर बस आणि लोकल फुकट. पैसे दोन्हीकडे घेतातच, पण इथे पाहुण्याकडून आणि तिथे उपद्रव्याकडून. ही तुलना पुरती न्यायाची नाही, मला कळतं. तरी तो शब्द ज्याला सुचला, त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.

पण मला खरं सांगायचंय ते पिवळ्या चौकटीबद्दल.

आमच्या गावामागच्या जंगलातून नऊ किलोमीटरची एक वाट जाते. झाडांवर, खांबांवर पिवळ्या चौकटी ठोकलेल्या, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या. पिवळी म्हणजे गावापुरती वाट, निळी म्हणजे लांबची, लाल म्हणजे वेस्टवेगसारखी, फोर्त्सहाइमपासून बाझलपर्यंत २८५ किलोमीटर. ती १९०० साली श्वार्त्सवाल्डफेरआइनने, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधल्या भटक्यांच्या संस्थेने, आखली. संस्था त्याहून जुनी, १८६४ ची, आणि आज सुमारे २४,००० किलोमीटर वाटांच्या खुणा ती सांभाळते. पहिली काही वर्षं मी समजत होतो की हे एखादं सरकारी खातं असणार, पगारी माणसं असणार. तसं काही नाही. वाटेच्या तुकड्या-तुकड्याला एकेक वेगेवार्ट, म्हणजे वाटेची राखण करणारा स्वयंसेवक, असतो. आमच्या नऊ किलोमीटरचा वेगेवार्ट म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा, वय ७९.

२०२० च्या वसंतात घराच्या भिंती अंगावर यायला लागल्या, तेव्हा मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत झाडकात्री, ब्रश, पाण्याची बाटली, हातोडी आणि पत्र्याच्या डब्यात चौकटी. पाटीवरचं शेवाळ घासायचं, चौकटीवर आलेली फांदी छाटायची, आडवं पडलेलं झाड दिसलं की फॉर्स्टरला, म्हणजे वनाधिकाऱ्याला, फोन करायचा. एवढंच. फाट्यावर एक चौकट असतेच, पण पुढे गेल्यावर वीसेक पावलांवर आणखी एक लावायची, चालणाऱ्याला 'बरोबर आलो' एवढं कळावं म्हणून. ही दुसरी चौकट ते पहिलीपेक्षा जास्त जपतात. १९९९ च्या नाताळात लोथार वादळाने अर्धं जंगल लोळवलं, तेव्हा चौकटी झाडांसकट गेल्या. वाट त्यांनी पुन्हा पायांच्या आठवणीवर शोधली. माझ्याबरोबर चार वर्षं चालल्यावर मला म्हणाले, आता 'डू', म्हणजे 'तू', म्हण. मी अजून अडखळतो. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते.

मुद्दा असा की गर्दी इथेही आहे, पण ती २४,००० किलोमीटरवर पसरते. आपल्याकडे साडेतीनशेच्या आसपास किल्ले, घाटवाटांची तर मोजदादच नाही, आणि पावसाळ्यातल्या रविवारी सगळं पुणं-मुंबई त्याच दहा ठिकाणी. का? नवख्या पोराला दुसरीकडे वाट सापडायची खात्री नाही म्हणून. हरिहरच्या कातळपायऱ्या इन्स्टावर दिसतात, नाळेतून उतरणारी ढोरवाट दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले यादीत घेतले, त्यातले अकरा आपले. आनंदच आहे, मीही इथल्या सहकाऱ्यांना पेढे म्हणून मार्झिपान वाटलं. पण आता ती गर्दी या अकरांवर आणखी तुटून पडणार, आणि आमचा मित्र आणखी जोरात 'बंद करा' लिहिणार.

आणि वेगेवार्ट आपल्याकडे नव्हते असं थोडंच आहे? वाटेवरच्या वाडीतला मामा दर पावसाळ्यानंतर कोयत्याने कारवी तोडून वाट मोकळी करायचा, कारण त्याला त्याच वाटेने बाजाराला जायचं असायचं. खाली डांबरी सडक आली, मामाचा मुलगा मोटरसायकलवर गेला, वाट कारवीने गिळली. पायथ्याच्या दोन पोलिसांऐवजी त्या वाडीतल्या दोघांना पावसाळ्यापुरती मजुरी द्या, डबाभर चौकटी द्या. याला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. नाणेघाट दोन हजार वर्षांचा आहे, वेस्टवेग सव्वाशे वर्षांचा. जकातीचा दगडी रांजणही आपल्याकडे आधीपासून आहे, म्हणजे शुल्क घ्यायला तर आपल्याला कुणीच शिकवायला नको.

हे सगळं मी गटावर लिहिलं. उत्तर आलं: "तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस. पाऊस किती पडतो रे तुमच्याकडे? आणि तिकडे बंदी नसते का?"

पावसाचं त्याचं बरोबर आहे. महाबळेश्वरला एकट्या जुलैत जेवढा कोसळतो, त्यात फेल्डबर्गचं वर्ष निघेल. धुक्यात, शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवणं म्हणजे काय, हे चौकट ठोकून सुटत नाही. आणि बंदीबद्दल तर मी चक्क गप्प बसलो. कारण फेल्डझेत पोहायला मनाई आहे. तळाशी हिमयुगापासून तग धरून राहिलेली एक पाणवनस्पती आहे, तिच्यासाठी. फेल्डबर्गचा परिसर १९३७ पासून राखीव, तिथे वाट सोडली की दंड होऊ शकतो. तळ्याभोवतीच्या जंगलाला बानवाल्ड म्हणतात, म्हणजे बंदी नावातच. मी ज्या निर्मनुष्य काठाचा फोटो टाकला, तो निर्मनुष्य राहायला माझी सव्वासातची वेळ जबाबदार होती, तशी ही मनाईही. वादात हे सांगितलं असतं तर माझा मुद्दा लंगडा झाला असता, म्हणून नाही सांगितलं.

दुसरंही एक आहे, ते गटावर लिहिण्यासारखं नव्हतं.

१९९४ च्या कोजागिरीला आम्ही कात्रज ते सिंहगड रात्री केला होता. जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईला नमस्कार करून निघालो, पाच जणांत दोन विजेऱ्या. टेकड्या किती यावर वाद, मी तेरा मोजतो. सातवीनंतर चुकलो आणि भलत्याच सोंडेने खाली एका वस्तीवर उतरलो. रात्री दोन वाजता कुत्र्यांनी गाव उठवलं. एक आजी कंदील घेऊन बाहेर आल्या. "कुणाची रं पोरं तुमी?" मग कोरा चहा, मग त्यांच्या नातवाने वर वाटेला लावून दिलं. गडावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. त्या ट्रेकमधलं मला बाकी काही नीट आठवत नाही, चंद्रसुद्धा नाही. तो चहा आठवतो.

इथे चौदा वर्षांत मी कुणाला वाट विचारलेली नाही. विचारायची वेळच येत नाही. समोरून येणारे 'हालो' म्हणतात, मीही म्हणतो, दोघंही न थांबता पुढे जातो. आणि मी निघालोय आपल्या घाटवाटांवर चौकटी ठोकायला.

मागच्या उन्हाळ्यात टिटीझेच्या स्टेशनाकडे जाताना पुण्याकडचा एक टूरचा घोळका दिसला. मराठी लांबूनच ऐकू आलं. मी रस्ता ओलांडला. हे मी नेहमी करतो. कारण विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. तरी एका काकूंनी मला गाठलंच आणि इंग्रजीत विचारलं, स्टेशन कुठे. मीही इंग्रजीतच सांगितलं. त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, सरळ जाऊन डावीकडे म्हणतोय तो." तो! मी तसाच उभा. ते दोघं सरळ गेले आणि उजवीकडे वळले. तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघालंच, "अहो काकू, डावीकडे, डावीकडे!" अख्खा घोळका मागे वळून बघायला लागला.

ऑक्टोबरात आजोबांनी विचारलं, हे नऊ किलोमीटर तू घेशील का? त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, गावात दुसरं कुणी पुढे येत नाही. एक पानाचा फॉर्म, नाव, पत्ता, सही. मी 'बघतो' म्हटलं. दर दिवाळीला आईला फोनवर सांगतो की दोन-तीन वर्षांत परत येतोय. वाट अंगावर घेतली तर ते वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं? आजोबांना हे सांगितलेलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. परवा फक्त चौकटींचा डबा दाराशी आणून ठेवला, म्हणाले, माझ्या तळघरात ओल येते, तोवर तुझ्याकडे असू दे.

फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे. गटावर डिसेंबरचा राजगड ठरतोय, बंदीवाला मित्रच सगळं जमवतोय. त्याने विचारलं, येतोस का. त्यालाही मी 'बघतो' लिहिलंय.