दारावरचा खराटा

दारावर काटक्यांचा खराटा टांगलेला बघून बापू उंबऱ्यातच थबकले. "झाडणी म्हंजी लक्ष्मी. ती अशी भाईर काहून लटकवली रे?"

जर्मनीत स्टुटगार्टच्या आसपास हा खराटा म्हणजेच पाटी. घरचा द्राक्षवाला घरातच वाईन विकायला बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याने वर्षातले फार तर ४ महिने, ४० खुर्च्यांच्या आत, आणि वाईन स्वतःचीच. खराटा उतरला की धंदा बंद. मी इथे गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतो. गेल्या सप्टेंबरात बापू, म्हणजे माझे काका, पहिल्यांदा आले होते. जालना जिल्ह्यात त्यांची थॉम्पसन द्राक्षाची ३ एकर बाग आहे आणि गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे चव माझ्या वाट्याला आली, वास त्यांच्या.

घरधनीण पेल्यात दोन बोटं ओतायची. पांढऱ्या कागदावर रंग बघा, पेला फिरवा, हुंगा, तोंडात घोळवा आणि शेजारच्या भांड्यात थुंका. थुंकायचं कळल्यावर बापूंचा चेहरा पंगतीतलं ताट कुणी लाथाडावं तसा झाला. "येवढं कष्टानं पिकवायचं आन् थुकायचं?" तरी एक पेला त्यांनी बराच वेळ नाकाशी धरला. म्हणाले, "पहिल्या पावसात भिजलेल्या धसकटाचा वास यायलाय." धसकट जर्मनमध्ये सांगताना माझी दमछाक झाली.

खरी गंमत मागच्या उतारावर घडली. मालकाने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं यंत्र, काढला. बापूंनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला, मणी पिळून थेंब काचेवर टाकला, डोळ्याला लावला. आकडा ८० च्या घरात. इकडे गोडी ओक्सले या मापात मोजतात. ८० म्हणजे आपले साधारण १९ ब्रिक्स. हे सांगितल्यावर दोघं म्हातारे एकही शब्द सामाईक नसताना तासभर बोलत राहिले. मालकाने कोवळे घड छाटून खाली टाकल्याचं हातवाऱ्यांनी सांगितलं, उरलेल्यांत रस उतरावा म्हणून. बापूंनी मान डोलावली. घड विरळायचा असतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने १००० चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा मी इथे बसून व्हॉट्सअॅपवर जोरदार भांडलो होतो. संजय राऊत म्हणाले वाईन म्हणजे दारू नव्हे, फडणवीसांनी 'मद्यराष्ट्र' हा शब्द काढला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेवटी निर्णय बारगळला. माझा मुद्दा काय, तर जर्मनीत १६ वर्षांची पोरं उघड वाईन घेतात आणि काही आभाळ कोसळत नाही. आता तो मेसेज आठवला की लाज वाटते.

कारण त्या दिवशी मालकाला मी विचारलं, धंद्याला सगळ्यात जास्त कोण मारतं? गारपीट म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, सुपरमार्केटातली तीन युरोची बाटली. शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून आपण जे कपाट उघडायला निघालो होतो, त्याच कपाटाने इथल्या शेतकऱ्याला खराटा टांगून स्वतः विकायला बसवलंय. शिवाय आपल्याकडचा खाण्याचा थॉम्पसन वेगळा आणि वाईनचा शिराझ वेगळा. २००८ च्या मंदीनंतर कंपन्यांनी खरेदीत हात आखडला तेव्हा नाशिककडे कितीतरी जणांनी वाईनच्या बागा उपटल्या. बाटलीवर नाव कंपनीचं, बाग उपटायची शेतकऱ्याने.

मग मराठवाड्यातही असेच खराटे टांगावेत का? दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओट्यावर मी हेच मांडलं. चुलतभावाला पटलं. पाण्याचं म्हणाल, तर २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली, हे कुणी विसरलेलं नाही. पण आमच्याकडे कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांवर द्राक्षं जगवून दाखवलीत. काकू मात्र तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. गावच्या दारूच्या दुकानाविरुद्ध मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभी राहिलेली बाई. दुकान बंद झालं आणि देशी दारू मोटारसायकलवरून यायला लागली, तेही तिने पाहिलंय.

"तुझ्या त्या चाळीस खुर्च्या मोजतं कोण?" तिने विचारलं.

म्हटलं, तिथले अधिकारी.

"आन् हितं?"

मी चहा पीत राहिलो. जर्मनीचा नियम सांगणं सोपं असतं, तो मोजणारा माणूस सुटकेसमध्ये घालून आणता येत नाही. माझं मत अजूनही खराट्याच्या बाजूचंच आहे, सुपरमार्केटच्या नाही. पण काकूच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

फेब्रुवारीत बापूंचा फोन आला. व्यापाऱ्याने भाव पाडला म्हणून त्यांनी रस्त्याकडेच्या लिंबाखाली टेबल टाकून स्वतःच क्रेट विकायला सुरुवात केली होती. हिशेबाची वही काकूकडे. मी विचारलं, खराटा टांगला का?

"नाय बा," म्हणाले, "लोक झाडून घ्यायला लावतील."