मिहानवाल्या भाऊंना उत्तर: फोटो तसाच, मग व्यायाम वाया गेला का?

भाऊ, तुमची कमेंट लांबलचक आणि थोडी तिखट आहे, पण मला आवडली, म्हणून खाली दोन ओळी न खरडता वेगळंच लिहिते. बाकीच्यांसाठी सांगते, मिहान म्हणजे नागपूरचा कंपन्यांचा भाग, आणि भाऊंचं म्हणणं असं की पोश्चरवरच्या माझ्या लेखातले चिन टक (हनुवटी सरळ मागे नेणं) आणि वॉल एंजल (भिंतीला पाठ टेकून हात वर-खाली सरकवणं) त्यांनी तीन महिने नेमानं केले, तरी बायकोनं साइडनं काढलेल्या फोटोत मान आधीसारखीच पुढे, आणि आता नेटवर वाचलं की पोश्चरचा दुखण्याशी संबंधच नाही, "मग धडधाकट माणसाले घाबरवता कायले?"

घाबरवण्याचं आधी बोलू. मान 60 डिग्री वाकवली की तिच्यावर 27 किलोचा भार येतो, हा आकडा प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतो, माझ्या लेखात तो मुद्दामच घेतला नव्हता. हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या सर्जननं 2014 मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवर काढलेला तो हिशोब आहे, कोणाच्या मानेत यंत्र लावून मोजलेला नाही. उलट ब्राझीलमध्ये 18 ते 21 वयाच्या 150 पोरापोरींवरचा अभ्यास 2018 मध्ये आला, त्यात मोबाइल बघताना मान वाकण्याचा आणि मान दुखण्याचा संबंध दिसला नाही. म्हणजे तुम्ही वाचलं ते बरंचसं खरंय. काही दुखत नाही, हात पूर्ण वर जातो, मान दोन्हीकडे वळते, तर पुढे आलेले खांदे हा काही आजार नाही.

पण संबंध कमी आहे म्हणून व्यायामानं पोश्चर बदलतच नाही असं कुठं होतं? दोन्हीची खिचडी केली ना तुम्ही!

बदलतं, पण थोडं. मानेच्या तळाशी हाताला टोचतं ते हाड, म्हणजे सातवा मणका, तिथून कानासमोरच्या छोट्या कुर्चेपर्यंत रेघ धरायची आणि ती आडव्या रेघेशी किती कोन करते ते बघायचं, साधारण 50 च्या खाली आला तर मान पुढे आहे म्हणतात. व्यायामानं हा कोन काही डिग्रीच सुधारतो, आणि दिवसभर शिफ्ट करून वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आल्यावर, ढगळ टीशर्टात, मोबाइल तिरपा धरून काढलेल्या फोटोत तेवढं दिसणार कसं बाप्पा? एकाच माणसाचे सकाळ-संध्याकाळचे फोटो जुळत नाहीत.

पाठीला 20 ते 40 डिग्रीचा बाक नॉर्मलच असतो, तो सपाट करायचाच नाहीये. तो जास्त असलेल्यांत नुसत्या स्ट्रेचिंगपेक्षा ताकदीच्या व्यायामानं जास्त फरक पडत असावा, असं 2019 मधल्या एका आढाव्यात निघालं. त्याआधी 2001 मध्ये रिसोमालिस आणि गुडमन यांनी शंका काढली होती की स्नायू बळकट झाला म्हणून तो आपोआप आखूड होऊन खांदा मागे ओढून धरत नाही, दिवसभर शरीर ज्या स्थितीत राहतं तेच वरचढ ठरतं. मला दोन्ही पटतं. शिवाय अशा प्रयोगांत बरेचदा आधीच वाकलेली माणसं घेतात, तुमच्यासारख्या धडधाकट माणसात सुधारायला जागाच कमी.

आता तुमच्या व्यायामाचं. तुम्ही लिहिलंय की पहिल्या दिवशी जेवढे काउंट तेवढेच शेवटपर्यंत, वजन शून्य. मग ताकद येईल कशी जी? वॉल एंजल करताना हात वर जाऊ लागले की कंबर भिंतीपासून सुटते, खालच्या बरगड्या पुढे येतात आणि आपल्याला वाटतं खांदे उघडले, नव्वद टक्के लोक इथंच फसतात (आकडा माझा, क्लिनिकमध्ये बघून बघून वैतागल्यावरचा). चिन टकमध्येही मान खाली घालायची नसते, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे, डबल चिन आली पाहिजे, दिसायला भिकार दिसतं पण तेच बरोबर. त्यात आता पालथं झोपून दोन्ही हात डोक्याच्या वर तिरपे उचला, आधी रिकामे, मग पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, मग छोटे डंबेल. आणि रोइंग जोडा, म्हणजे कोपर मागे नेत ओढायचं, रबरी बँडनं चालेल, फक्त बँड सोपा वाटायला लागला की पुढचा घ्या.

पोश्चर बेल्टचं विचारलं होतं, तर नका घेऊ. घातला तेवढा वेळ खांदे मागे, काढला की जैसे थे, आणि नागपूरच्या मे महिन्यात शर्टाच्या आतून तो घालून बसायचं म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. त्या पैशात डंबेल येतात. दोन महिने असं करून बघा आणि फोटोऐवजी किती वजन उचललं ते लिहून ठेवा. मधेच हाताला मुंग्या आल्या किंवा मान दुखायला लागली तर मात्र कमेंट टाकत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.