डिकन्सला शब्दावर पैसे मिळत नव्हते

चार्ल्स डिकन्सचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्याला शब्दावर पैसे मिळायचे ना, म्हणून एवढं पाल्हाळ.’ हे वाक्य इतक्या वेळा फिरलंय की आता ते कुणी तपासतही नाही. पण ते चूक आहे. डिकन्सच्या मोठ्या कादंबऱ्या आधी दर महिन्याला एकेक अंक अशा हप्त्याहप्त्याने निघायच्या, आणि त्यांचा आकार ठरवला तो छापखान्यातल्या फर्म्याने, म्हणजे एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांच्या संचाने. त्या फर्म्यात मजकूर बसवताना त्याला कधी सहा पानं कापावी लागली, तर कधी अडीच पानं कमी पडली म्हणून घाम फुटला.

हा साचा घडला १८३६ मध्ये, ‘पिकविक पेपर्स’च्या वेळी, आणि तोही जवळजवळ अपघातानेच. चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांना रॉबर्ट सेमूर या नावाजलेल्या चित्रकाराच्या चित्रांना जोडून मजकूर हवा होता. त्यासाठी त्यांनी २४ वर्षांचा एक वार्ताहर धरला, तोच डिकन्स. एक फर्मा म्हणजे १६ पानं, दर फर्म्याला ९ गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग), महिन्याला दीड फर्मा. म्हणजे हिशेब फर्म्यावर होता हे खरं, पण फर्मे किती हे आधीच ठरलेलं. दोन शब्द जास्त लिहिले म्हणून पेनीभरही जास्त मिळणार नव्हती. पहिला अंक निघाला आणि २० एप्रिलला सेमूरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. आता चित्रं कमी आणि मजकूर जास्त असं ठरलं: ३२ पानं, दोन चित्रं. मधे एक चित्रकार जमला नाही, मग हॅब्लट ब्राउन, म्हणजेच ‘फिझ’, आला आणि पुढची वीसेक वर्षं टिकला. सुरुवातीला शेकड्यांत असलेला खप शेवटी ४० हजारांवर गेला.

त्यानंतर साचा पक्का झाला. महिन्याला एक अंक, किंमत एक शिलिंग, दोन पूर्ण फर्मे, पोलादी पत्र्यावर कोरलेली दोन चित्रं, पुढेमागे जाहिरातींची पानं, वर रंगीत कागदाचं वेष्टण. असे १९ महिने. शेवटचा अंक जोडअंक, दोन शिलिंगांचा. त्यात शीर्षकपान, अनुक्रमणिका आणि प्रस्तावनाही यायची, म्हणजे सगळे अंक बांधणीवाल्याकडे नेले की पुस्तक तयार. एकूण खर्च २० शिलिंग, तोही दीड वर्षात विभागून. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि ती साडेएकतीस शिलिंगांना एकदम घ्यावी लागायची. मध्यमवर्गीय माणूस ती विकत घेण्याऐवजी वर्गणीच्या वाचनालयातून आणायचा. डिकन्सने कादंबरी त्याच्या घरात आणली ती हप्त्याने.

आता महिना कसा जायचा ते बघा. एका अंकात साधारण १८ हजार शब्द. ते लिहायला महिन्यातले पहिले दोन-तीन आठवडे. पण चित्र कोरायला वेळ लागतो, म्हणून चित्राचा विषय फिझला आधी कळवायचा, पुष्कळदा ते प्रकरण कागदावर उतरायच्याही आधी. मग मजकूर छापखान्यात, प्रुफं, काटछाट, छपाई, शिलाई, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी अंक दुकानांत. ‘डॉम्बी अँड सन’च्या वेळेपासून (१८४६) डिकन्स प्रत्येक अंकासाठी एक कागद घेऊन त्याचे दोन भाग करायचा. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न: अमक्याला या वेळी आणायचं का? आणि खाली उत्तर: नको, पुढच्या अंकात. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यांतले मुद्दे. हे कागद आजही उपलब्ध आहेत. ‘सुचेल तसं लिहीत सुटायचा’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा जरूर पाहावेत.

गडबडीही व्हायच्याच. डॉम्बीचा पहिलाच अंक सुमारे सहा पानं जास्त भरला. डिकन्स तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला, छापखाना लंडनमध्ये, मधे टपाल. एक प्रकरण उचलून दुसऱ्या अंकात टाकायचं आणि त्याच्या जागी छोटं प्रकरण लिहायचं, असाही विचार झाला. अखेर ओळीओळीतून मजकूर छाटला. याच कादंबरीतल्या छोटा पॉल आणि मिसेस पिपचिनच्या चित्रात फिझने भलतंच काही काढलं आणि डिकन्स फार हळहळला, पण तारीख तोंडावर आलेली.

उलट प्रकार ९ जून १८६५च्या स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातानंतर. दहा माणसं दगावली. डिकन्स लटकत्या डब्यातून बाहेर पडला, जखमींना पाणी आणि ब्रँडी दिली, आणि मग ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं हस्तलिखित आणायला पुन्हा त्या डब्यात शिरला. त्यानंतर लिहिलेला सोळावा अंक अडीच पानं कमी भरला. शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या ‘एडविन ड्रूड’चे पहिले दोन अंक तर मिळून बारा पानं तोकडे निघाले. दुसऱ्यातलं प्रकरण पहिल्यात ओढून त्याला दुसरा अंक नव्याने जुळवावा लागला. पैशासाठी शब्द वाढवण्यात तरबेज असलेल्या माणसाचं असं होतं का?

मग तेच तेच पुन्हा का येतं? ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या मिसेस मिकॉबर नवऱ्याला कधीच सोडणार नसल्याचं दर वेळी का बजावतात? कारण वाचक महिन्याने परत येतोय. चाळीस-पन्नास पात्रं, हाताशी मागचा अंक असेल-नसेल. एका लकबीने, एका वाक्याने पात्र चटकन ओळखू यायला हवं. सलग वाचताना ती लकब टोचते हे मान्य. पण तो दोष लेखकाइतकाच आपल्या वाचण्याच्या पद्धतीचाही आहे. (हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधल्या क्रमशः कादंबऱ्याही या नजरेने बघाव्यात.)

महिनाभराच्या या फटीतून वाचकही आत शिरायचा. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या डिसेंबर १८४९च्या अंकात मिस मौचर ही ठेंगणी बाई आली. डिकन्सच्याच शेजारच्या एका बाईंनी त्यात स्वतःला ओळखलं आणि दुखावून पत्र लिहिलं. मार्चच्या अंकात मिस मौचर एकदम भल्या मनाची झाली. आज वाचताना हा सांधा उघडा दिसतो. ‘ब्लीक हाउस’च्या दहाव्या अंकाच्या शेवटी क्रूक हा भंगारवाला आपोआप पेट घेऊन मरतो. जॉर्ज हेन्री लुइस या समीक्षकाने ‘हे विज्ञानाला धरून नाही’ असं छापून झोडपलं. डिकन्सने पुढच्याच अंकात, कादंबरीच्या आतच, जुन्या दाखल्यांची नावं घेत शंकेखोर विद्वानांची टर उडवली. विज्ञानाच्या बाबतीत लुइस बरोबर होता. पण टर मात्र मस्त जमलीय.

साप्ताहिक हप्ता हे वेगळंच प्रकरण. ‘हार्ड टाइम्स’ १८५४ मध्ये त्याच्या स्वतःच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये वीस आठवडे आली. दोन पेनींच्या त्या अंकात कादंबरीला मोजकीच पानं. जागेच्या टंचाईने तो अक्षरशः वैतागला होता. साप्ताहिकाचा खप मात्र दुपटीहून वाढला. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ तर महिन्याच्या वीस अंकांसाठी डोक्यात होती. पण त्याच्या ‘ऑल द इयर राउंड’ या नंतरच्या साप्ताहिकात चालू असलेली चार्ल्स लीव्हरची कादंबरी वाचकांना रुचेना, खप घसरायला लागला. डिकन्सने आपली योजना मोडून ती साप्ताहिक केली: १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१, ३६ हप्ते. त्याची सगळ्यात आटोपशीर कादंबरी खप सावरण्याच्या निकडीतून आली. माझ्या मते सगळ्यात चांगलीही तीच.

डिकन्सची कादंबरी वाचायची असेल तर चांगल्या आवृत्तीत कुठला हप्ता कुठे संपतो याची यादी असते, ती आधी शोधा. ‘कॉपरफील्ड’चा पहिला अंक म्हणजे पहिली तीन प्रकरणं, दुसरा म्हणजे चार ते सहा. एका बैठकीत एक अंक, मग दोन-चार दिवस दुसरं काहीतरी. डॉम्बीत पाचवा अंक सोळाव्या प्रकरणाशी, छोट्या पॉलच्या मृत्यूवर संपतो. तिथे तर थांबाच. लगेच सतरावं उघडलंत तर त्या मृत्यूचा धक्का पुढच्या पानांच्या गर्दीत विरून जातो.